लेडी नेल्सन: फळ्या वर ओढून उथळ पाण्यात शिरणारी बोट

सिडनीची वसाहत बसून बारा वर्षं होत आली तरी आजूबाजूच्या किनाऱ्याचा धड नकाशा नव्हता, म्हणजे इंग्रजांकडे नव्हता, तिथल्या मूळ लोकांना किनारा पाठच होता. खाली पाणी किती आहे तेच माहीत नाही, मग मोठं जहाज किनाऱ्याला न्यायचं कसं? त्यासाठी लंडनहून जी बोट निघाली ती बघून थेम्सवरचे खलाशी हसायचे, नाव ठेवलं होतं 'राजेसाहेबांची चकमकीची डबी' (काडेपेटी तेव्हा निघालीच नव्हती).

लेडी नेल्सन, 1798 ची बांधणी, 60 टन, लांबी जेमतेम 16 मीटर, आणि सामान भरलं की मधला काठ पाण्याच्या वर 3 फूटसुद्धा नाही. एवढ्याशा बोटीत लेफ्टनंट जेम्स ग्रँट मार्च 1800 मध्ये पोर्ट्समथहून निघाला आणि 16 डिसेंबरला सिडनीला पोचला. वाटेत ऑस्ट्रेलिया आणि टास्मानिया यांच्यामधली बास सामुद्रधुनी पश्चिमेकडून पूर्वेकडे पार केली, तसं करणारं हे पहिलंच जहाज.

खरी गंमत मात्र बुडाला होती. वारा बाजूने आला की तो शिडाच्या बोटीला पुढे ढकलतो तसा आडवाही ढकलतो, आणि ते आडवं सरकणं अडवतो तळाचा कणा, म्हणजे कील. बादलीत हात घालून पाणी तळव्याने ढकलून बघा, मग तोच हात कडेने फिरवा, फरक लगेच कळतो. पण कील खोल असला की बोट उथळात रुतणार. जॉन शँक नावाच्या नौदल अधिकाऱ्याने यावर तोडगा काढला होता, बोटीच्या तळात तीन खाचा आणि त्यात वर-खाली सरकणाऱ्या तीन लाकडी फळ्या. फळ्या वर ओढल्या की 6 फूट पाणी पुरे. शिवाय पुढची फळी खाली सोडली की नाक वाऱ्याकडे वळायला मदत, मागची सोडली की बोट सरळ जाते. मला तर हे जवळपास दुसरं सुकाणूच वाटतं.

फेब्रुवारी 1802 मध्ये ग्रँटनंतरचा तिचा कप्तान जॉन मरेने हीच बोट पोर्ट फिलिपच्या खाडीत नेली, आज तिथे मेलबर्न आहे. पण त्याच वर्षी, ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याचा नकाशा काढणाऱ्या मॅथ्यू फ्लिंडर्सच्या मोठ्या जहाजाबरोबर ती ग्रेट बॅरियर रीफ या प्रवाळांच्या रांगेकडे गेली आणि तिथे फळ्या मोडल्या. मग काय, वारा नेईल तिकडे आडवी घसरायला लागली, शेवटी ऑक्टोबरमध्ये फ्लिंडर्सने तिला परत पाठवून दिलं. म्हणजे जी युक्ती तीच दुखणं.

पुढची वीसेक वर्षं हमाली. 1803 मध्ये टास्मानियात नवी वसाहत बसवायला, 1807 मध्ये नॉरफोक बेटावरची बिऱ्हाडं हलवायला, जिथे गरज तिथे हीच. 1824 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला मेलव्हिल बेटावरच्या फोर्ट डंडास या इंग्रजी ठाण्याला गेली, तिथे ताज्या अन्नाचे हाल, म्हणून फेब्रुवारी 1825 मध्ये तिला तिमोरकडच्या बेटांवर जनावरं आणायला धाडलं. बाबर बेटाजवळ चाच्यांनी गाठलं. जनावरंही आली नाहीत, बोटही नाही.