शोधून देणाऱ्याचं नावही वर यायला हवं

2001 साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्यावरचा एक अभ्यास चालू होता, त्यात 24 वर्षांच्या एका ठणठणीत मुलीला हेक्सामेथोनियम हे औषध श्वासातून दिलं आणि महिनाभरात फुप्फुसं निकामी होऊन ती गेली. या औषधाने फुप्फुसांना इजा होऊ शकते हे 1950च्या दशकातल्या पेपरांत छापलेलं होतं. पण संशोधकाने ऑनलाइन शोधलं ते पबमेडवर, म्हणजे वैद्यकीय पेपरांच्या ऑनलाइन सूचीत, आणि तिथे तेव्हा 1966च्या मागचं नव्हतंच. हे वाचलं की अजूनही पोटात कालवतं.

म्हणून मला कॉक्रेनचं काम फार मोलाचं वाटतं. 1993ला ब्रिटनमध्ये सुरू झालेली ही संस्था एखाद्या उपचारावर जगभरात झालेले प्रयोग गोळा करून एकत्र हिशोब मांडते, त्यालाच रिव्ह्यू म्हणतात. त्यात लेखक असतात, संपादक असतात आणि तिसरा असतो इन्फर्मेशन स्पेशालिस्ट, म्हणजे हे पेपर शोधून देणारा, बरेचदा मूळचा लायब्ररीतलाच माणूस.

समजा प्रश्न आहे, बाळ वेळेआधी होणार असं दिसलं तर आईला स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यावं का. लेखक म्हणतो, प्रीटर्म टाकून सर्च मारू. हा स्पेशालिस्ट म्हणतो थांबा, कुणी प्रीमॅच्युअर लिहिलं असेल, लेबर या शब्दात ब्रिटिश लोक यू घालतात अमेरिकन घालत नाहीत, म्हणून तिथे प्रश्नचिन्ह टाकायचं, शब्दाच्या शेवटी चांदणी दिली की पुढची सगळी रूपं येतात, आणि मेडलाइन या वैद्यकीय पेपरांच्या सूचीने ठरवलेले विषयशब्द वेगळेच. अशा ओळींवर ओळी रचल्या जातात आणि रिव्ह्यूसोबत जशाच्या तशा छापल्या जातात, म्हणजे नागपुरात बसूनसुद्धा कुणी तोच सर्च पुन्हा लावून बघू शकतं. संपादक तर काम सुरू व्हायच्या आधीच प्रश्न आणि पद्धत प्रोटोकॉल म्हणून छापून टाकतात, नंतर निकाल बघून कुणी गुपचूप प्रश्न बदलायला नको.

एवढं करून शोधणाऱ्याचं नाव कधीकधी फक्त आभारात येतं, ते मला पटत नाही. तो लेखकच आहे.

स्टेरॉइडचं उदाहरण मुद्दाम घेतलं. न्यूझीलंडमधला पहिला मोठा प्रयोग 1972 साली छापून आला, बाळं वाचतात हे त्यात दिसत होतं, पुढेही प्रयोग होत राहिले पण सगळे विखुरलेले, आणि कितीतरी डॉक्टर 1990 उजाडलं तरी ते इंजेक्शन देत नव्हते. कॉक्रेनच्या लोगोत आडव्या रेघा दिसतात ना, त्यातली एकेक रेघ म्हणजे त्यातलाच एकेक प्रयोग.