तिबेटन मॅस्टिफ : पिल्लाचा ॲडव्हान्स देण्याआधी

मॅस्टिफ हे इंग्रजांनी चिकटवलेलं नाव. तिबेटी लोक याला दो-ख्यी म्हणतात, म्हणजे बांधून ठेवायचा कुत्रा. दिवसभर राहुटीच्या किंवा मठाच्या दाराशी साखळीला, रात्री मोकळा. गळ्यात याकच्या केसांचा लाल रंगवलेला पट्टा, त्यामुळे मान दुप्पट जाड दिसते. मेंढ्या वळणं हे याचं काम नव्हेच; काम राखणीचं, तेही कुणी हुकूम न देता. म्हणून हा दिवसा पेंगतो आणि रात्री घसा फोडून भुंकतो. फ्लॅटमध्येही तसाच भुंकेल, ही सवय शिकवणीने पुरती जात नाही.

तिबेटचे कुत्रे गाढवाएवढे असतात, असं मार्को पोलोने लिहिलं आणि विक्रेते अजून तेच ऐकवतात. एफसीआय या आंतरराष्ट्रीय श्वान महासंघाच्या मानकात खांद्याशी किमान उंची नराची ६६ सेंमी, मादीची ६१. १८४७ मध्ये तेव्हाचा भारताचा गव्हर्नर जनरल लॉर्ड हार्डिंगने एक कुत्रा व्हिक्टोरिया राणीला पाठवला, तिथून याचा युरोपातला बोलबाला सुरू झाला. पुढे चीनमध्ये भाव अक्षरशः पेटले : २०१४ मध्ये एक पिल्लू १ कोटी २० लाख युआनला गेल्याच्या बातम्या आल्या. मग बाजार पडला आणि कित्येक कुत्रे रस्त्यावर आले. सिंहासारखी आयाळ हवी म्हणून संकर झाले तेही याच हव्यासातून.

पिल्लू बघताना जन्मतारीख विचारा. या जातीची मादी बहुधा वर्षातून एकदाच, हिवाळ्याच्या तोंडावर माजावर येते. साधारण ६३ दिवसांनी पिल्लं. जुलैतलं पिल्लू किंवा एकाच मादीची वर्षात दोन वेत सांगितली, तर आईबाप प्रत्यक्ष बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. ७ ते १० आठवड्यांत मागचे पाय लुळे पडणारा आनुवंशिक मज्जातंतूंचा विकारही या जातीत आहे. त्याचा जनुक आईबाप दोन्हीकडून आला तरच तो होतो, म्हणून आईबाप दोघांचे डीएनए रिपोर्ट मागा.

विरळ हवेत रक्त घट्ट होऊ न देणारा जनुकाचा प्रकार याला तिबेटी लांडग्यांकडून मिळाला. आपल्याकडच्या उकाड्यात त्याचा काडीचा उपयोग नाही. केस दोन थरांचे. आतली लोकर वर्षातून एकदा गठ्ठ्यांनी गळते. तेव्हा रोज, एरवी आठवड्यातून दोनदा मुळापासून विंचरा. उन्हाळ्यात तासून मात्र घेऊ नका : वरचा थर ऊन अडवतो आणि लोकर आधी वाढली की केसांचा पोत बिघडतो. आंघोळीनंतर ब्लोअरने कातडीपर्यंत वाळवा. बोटं आत घालून बघा, गारवा लागला तर काम बाकी आहे. पावसाळ्यात ओल राहिली की कानामागे आणि मांड्यांवर चिघळणारे चट्टे उठतात.