ओरिएंटिअरिंगला दिवसभर रानात पळावं लागतं?

साताऱ्यात अधूनमधून एक मेसेज फिरतो: "ओरिएंटिअरिंग म्हणजे दिवसभर रानात पळणं. दमसास असला की झालं." आपल्याकडे डोंगर पळणारी पोरं खूप, त्यामुळे हे पटतंही पटकन.

पण हा नकाशा आणि होकायंत्र घेऊन ठरलेली ठिकाणं (कंट्रोल) क्रमाने गाठण्याचा शर्यतीचा खेळ. आधी वेळ बघा. मोठ्या स्पर्धांत आखणीच अशी असते, की स्प्रिंट प्रकारात विजेता १२ ते १५ मिनिटांत यावा, मध्यम अंतरात ३० ते ३५. लांब शर्यत साधारण सव्वा ते पावणेदोन तासांची. नवख्याला दुप्पट वेळ सहज लागतो. दिवसभराचे प्रकार आहेत, पण ते वेगळे.

आता दमसासाचं. समजा, यवतेश्वराच्या उतारावर पुढचा कंट्रोल सरळ रेषेत ३०० मीटरवर, तेवढ्याच उंचीवर आहे. मधे एक टेकाड, त्याच्या चढावर नकाशात १२ समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या), दर रेषेला ५ मीटर उंची. म्हणजे ६० मीटर चढ. ढोबळ हिशेबाने १ मीटर चढ सपाटीच्या ८ ते १० मीटरला भारी पडतो. म्हणजे सरळ गेलात तर मेहनत ८०० ते ९०० मीटरची. बाजूने ६०० मीटरची सपाट पायवाट असेल, तर नकाशा वाचणारा तिकडून आधी पोचतो (आणि कमी धापा टाकत).

खात्री करायची तर अजिंक्यताऱ्यावर दोन वाटा निवडा, घड्याळ लावा. ओरिएंटिअरिंगच्या बहुतेक मोठ्या शर्यतींच्या निकालात कंट्रोलगणिक वेळा असतात, त्याही चाळा. एखाद्या टप्प्यात अचानक पाच-सात मिनिटं वाढलेली दिसतील. बहुतेकदा तिथे पाय थकलेले नसतात, वाट चुकलेली असते.