आरोग्य नियमावली आणि महासाथ करार: देश नेमका कशाने बांधला जातो?

महासाथीनंतर देशांच्या परराष्ट्र धोरणावर कोणती बंधनं आली, असा विषय निघाला की दोन कागद हमखास एकमेकांत मिसळतात. एक, आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमावली (२००५). दुसरा, २० मे २०२५ रोजी जागतिक आरोग्य सभेने स्वीकारलेला महासाथ करार. दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेच्या छत्राखालचे आहेत, पण देश त्यांत बांधला जातो तो अगदी उलट मार्गांनी.

नियमावली संघटनेच्या घटनेतल्या कलम २१ खाली येते. तिथे मौन म्हणजे संमती. सभेने दुरुस्ती मंजूर केली की ठरलेल्या मुदतीत लेखी नकार किंवा आरक्षण (म्हणजे ठरावीक भागापुरता अपवाद) कळवायचं असतं. ते राहून गेलं तर दुरुस्ती आपोआप लागू होते. २०२४ च्या दुरुस्त्यांसाठी मुदत दहा महिन्यांची होती. ती संपता संपता, जुलै २०२५ मध्ये, अमेरिकेने नकार कळवला. बहुतेक देशांना मात्र त्या १९ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाल्या. म्हणून परराष्ट्र खात्याला इथे सर्वांत जपावी लागते ती नकार कळवण्याची शेवटची तारीख.

करार कलम १९ खालचा. सभेत बाजूने मत दिलं तरी देश बांधला जात नाही. आधी सही, मग अनुसमर्थन, म्हणजे करार बंधनकारक मानत असल्याची देशाची औपचारिक मान्यता. ६० देशांचं अनुसमर्थन जमल्यावर ३० दिवसांनी अंमल, आणि तोही त्यात सामील झालेल्यांपुरताच. सही म्हणजेच अनुसमर्थन, हा गैरसमज फार जुना आहे. तंबाखू नियंत्रणाच्या करारावर अमेरिकेने २००४ मध्ये सही केली, अनुसमर्थन केलंच नाही. शिवाय रोगजंतूंचे नमुने आणि त्यांपासूनच्या लाभांचं वाटप कसं करायचं याचं परिशिष्ट सभेने स्वीकारल्याशिवाय महासाथ करार सहीसाठी खुलाच होत नाही.

आशयातही फरक आहे. करारातला सर्वांत वादाचा भाग मालाच्या वाटपाचा: महासाथीत सहभागी उत्पादकांनी लशी, औषधं व चाचण्यांच्या चालू उत्पादनापैकी २० टक्के संघटनेला उपलब्ध करून देण्याचं लक्ष्य, त्यात एकूण उत्पादनाच्या किमान १० टक्के दान, उरलेलं परवडणाऱ्या दरात.

नियमावलीचा भर माहितीवर आणि सीमांवर. संभाव्य आंतरराष्ट्रीय आणीबाणी वाटेल अशा घटनेचं मूल्यमापन झाल्यावर २४ तासांत संघटनेला कळवायचं. प्रवासी किंवा माल २४ तासांहून जास्त अडवणारे जादा निर्बंध घातले, तर कारणांसह ४८ तासांत सांगायचं. दंडाची तरतूद नाही, आणि दुखणं नेमकं तिथेच आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये दक्षिण आफ्रिकेने कोरोनाचा नवा उपप्रकार तत्परतेने कळवला. संघटनेने त्याला ओमायक्रॉन नाव दिलं त्याच दिवशी, २६ तारखेला, अनेक देश दक्षिण आफ्रिका आणि तिच्या शेजाऱ्यांची विमानं थांबवत होते. प्रामाणिकपणे कळवणाऱ्यालाच फटका बसला, तर पुढचा देश कळवण्याआधी आपल्या व्यापाराचा आणि पर्यटनाचा हिशोब मांडणारच. हे नुकसान कुठल्याही कलमापेक्षा खोल आहे.

‘संघटना आता टाळेबंदी लादणार’ ही भीती दोन्ही कागदांना एकत्र चिकटवली जाते. करारात तर स्पष्टच लिहिलंय की प्रवासबंदी, लससक्ती किंवा टाळेबंदीचा आदेश देण्याचा अधिकार संघटनेच्या सचिवालयाला मिळत नाही. नियमावलीत महासंचालक निर्बंधांबाबत देतात त्या शिफारशी असतात. त्या बंधनकारक नाहीत.