पश्चिमेचा झंझावात आणि उताराची आठवण

काश्मिरी माणूस हिवाळा मोजतो तो चिल्लईत. २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस 'चिल्लई कलान', म्हणजे थंडीचा कळस. २००५ साली हे चाळीस दिवस सरले, निम्मा फेब्रुवारीही उलटला आणि मग दक्षिण काश्मीरवर बर्फ कोसळू लागला. पीर पंजालच्या उतारावरच्या वाल्टेंगू नाड या वस्तीवर हिमकडे घसरले. घरं माणसांसकट गाडली गेली. मृतांचा आकडा दीडशेच्या वर गेला.

थंडीचा जोर ओसरल्यावर हे कसं झालं?

हा बर्फ आणणाऱ्या वादळांना आपल्याकडे पश्चिमी झंझावात म्हणतात. ती भूमध्य समुद्राच्या बाजूने इराण, अफगाणिस्तान ओलांडत येतात आणि वाटेत कॅस्पियन व अरबी समुद्राचं बाष्पही उचलतात. पावसाळ्यातल्या कमी दाबाच्या पट्ट्यांचा जोर जमिनीलगत असतो. यांचा जोर मात्र वर, पाच ते दहा किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून वाहणाऱ्या वेगवान वाऱ्यांत असतो. हिमालय नेमका त्याच उंचीत घुसलेला आहे. हवा डोंगरावर चढते, गार होते आणि अंगातलं बाष्प बर्फ म्हणून टाकून देते.

पण नुसता बर्फ पडल्याने कडा सुटत नाही, त्याला उताराचा पूर्वेतिहासही लागतो. डिसेंबर-जानेवारीत निरभ्र, कडाक्याच्या रात्री येतात तेव्हा पातळ बर्फाचा वरचा भाग गोठणबिंदूच्या खूप खाली जातो, तर जमिनीलगतचा भाग त्या मानाने उबदार राहतो. खालची वाफ वर सरकते आणि तळाशी साखरेसारखे सुटे, एकमेकांना न धरणारे कण तयार होतात. हा ठिसूळ थर आठवडेच्या आठवडे तसाच दबून असतो. मग झंझावात त्यावर नवा बर्फ रचतो. ताजा, भुसभुशीत बर्फही एक मीटर साचला तर प्रत्येक चौरस मीटरवर साधारण शंभर किलोंचा भार येतो. म्हणजे एक हेक्टर उतारावर हजार टन. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार असेल तर तळचा थर मोडतो आणि वरची अख्खी लादी एकदम सुटते. म्हणून मला हिवाळ्याचा उत्तरार्ध अधिक भयंकर वाटतो: तोवर तळ पोखरलेला असतो.

हिमाचल प्रदेशातल्या लाहौलमध्येही तेच घडलं. १९७९ च्या मार्चमध्ये तिथल्या हिमस्खलनांनी दोनशेहून अधिक माणसं नेली. त्याच्या दहा वर्षं आधी, १९६९ मध्ये, मनालीला हिम आणि हिमस्खलनाच्या अभ्यासाची संस्था उभी राहिली होती. तिची माणसं बर्फात उभा खड्डा खणून एकेक थर तपासतात, कण भिंगाखाली पाहतात. धोक्याचा इशारा देण्यासाठी हे लागतंच. आकाशातलं वादळ उपग्रहाला दिसतं, बर्फाखालचा कमकुवत थर दिसत नाही. आणि गाडल्या गेलेल्या माणसाच्या हाती जेमतेम दहा-पंधरा मिनिटं असतात. पुढे प्रत्येक मिनिटाला आशा झपाट्याने घटते.

याच झंझावातांच्या पावसावर पंजाबातला गहू पोसतो आणि यांच्याच बर्फावर उन्हाळ्यात चिनाब वाहते. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाडा-विदर्भात गारांनी उभी पिकं झोडपली, तेव्हा त्या आभाळातही यांचा हात होता.