खेकड्याची जात ओळखणे (सातारा जिल्हा)

खेकडा हा दशपाद गणातील प्राणी : चालायच्या पायांच्या चार जोड्या आणि नांग्यांची एक. सातारा जिल्ह्याला समुद्रकिनारा नाही. येथील ओढे, शेताचे बांध आणि सडे (कातळी पठारे) यांवर आढळणारे गोड्या पाण्यातील खेकडे गेकार्सिनुसिडी कुलातील आहेत. कुंभार्ली घाट उतरून वाशिष्ठीच्या खाडीपर्यंत गेले, की चिखलात दिसतात ते निराळ्या कुलांतले.

हा भेद पिल्लांपासूनच सुरू होतो. खाडीतील खेकड्यांचे डिंभ (अंड्यातून निघणारी, प्रौढाहून निराळी दिसणारी पिल्ले) भरतीओहोटीबरोबर समुद्रात दूरवर वाहत जातात, त्यामुळे एकच जात लांबलचक किनाऱ्यावर सापडू शकते. गोड्या पाण्यातील खेकड्यांना डिंभावस्थाच नसते. मादी मोजकी, मोठी अंडी पोटाखाली बाळगते, त्यांतून थेट इवले खेकडे निघतात आणि काही काळ तिथेच बिलगून राहतात. अशी प्रजा फार लांब पसरत नाही. सह्याद्रीत थोड्या अंतरावर जात बदलते ती यामुळे. घाटांवरूनच नाव पडलेली 'घाटियाना' ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) २०१४ मध्ये वर्णिली गेली, म्हणजे हे काम अगदी ताजे आहे.

रंगावरून जात ठरवणे ही नेहमीची चूक. कात टाकल्यावर रंग पालटतो, नमुना जपायच्या स्पिरिटमध्ये तो उडतोच. म्हणून जिवंतपणीच छायाचित्र घ्यावे. नांगीच्या आकारावरही विसंबू नये, कारण तुटलेली नांगी पुन्हा फुटते ती आधी लहानच असते. खेकडा उताणा केला, की पोटाखाली दुमडलेली झडप दिसते. मादीची रुंद, गोलसर; नराची अरुंद. नराची झडप अलगद उचलली, की प्रजननासाठी बदललेले पाय दिसतात. त्यांतल्या पहिल्या जोडीच्या टोकाचा खंड सरळ आहे की वाकडा, आखूड की लांब, यावर जातीचा निवाडा बहुतांशी होतो. एकटी मादी हाती आली, तर जाणकारही सहसा प्रजातीपाशी थांबतो, आणि तेच योग्य आहे.

खाडीतील एकाच मोठ्या नांगीने मिरवणारे नर चटकन ओळखता येतात, पण तेथेही नावे स्थिर नाहीत : २०१६ मध्ये त्यांची 'उका' ही जुनी प्रजाती ११ प्रजातींत विभागली गेली.

नमुन्याच्या बाटलीत ठिकाण, उंची, तारीख लिहिलेली चिठ्ठी घालतात. ती पेन्सिलीनेच लिहावी. पेनाची शाई स्पिरिटमध्ये पसरते.