टेलिफोन एक्स्चेंजच्या भिंतीवरची नऊ चित्रं

लंडनच्या बार्बिकनमधे गेलात तर वरच्या पादचारी मार्गावर, तिथले लोक ज्याला हायवॉक म्हणतात तिथं, भिंतीवर ओळीनं नऊ मोठी सिरॅमिकची चित्रं दिसतात. येणारे जाणारे बहुतेक जण घाईत असतात, कुणी बघतं कुणी नाही, आणि मला मात्र वाटतं की प्रत्येकाला थांबवून सांगावं, अहो ही चित्रं मूळची इथली नाहीत! ती होती फॅरिंग्डन स्ट्रीटवरच्या फ्लीट बिल्डिंगच्या दर्शनी भिंतीवर, म्हणजे एका टेलिफोन एक्स्चेंजवर, आणि १९६० साली ती केली डोरोथी ॲनन या बाईंनी.

आता टेलिफोन एक्स्चेंजला चित्रं कशाला, हा प्रश्न पडतोच, आणि त्यासाठी थोडं मागे जावं लागतं.

ऑफिसच्या भिंती रंगवायची पद्धत ब्रिटनमधे दुसऱ्या महायुद्धाआधीपण होती पण ती सगळी थाटामाटाची. ऑल्डविचचं इंडिया हाउस घ्या, हर्बर्ट बेकरचं, १९३० मधे उघडलं, तिथली भित्तिचित्रं काढायला बंगालचे चार चित्रकार नेले होते (मुंबईच्या जे.जे.वाल्यांना ते लागलं होतं, कारण नवी दिल्लीच्या सेक्रेटरिएटमधलं काम त्यांनी नुकतंच करून दाखवलं होतं). विषय कुठले, तर राजे, दरबार, इतिहास. बघणाऱ्यानं मान वर करून बघायचं आणि दबून जायचं असा एकूण मामला.

मग युद्ध आलं, बॉम्बिंगमधे लंडनच्या सिटी भागाचा, म्हणजे बँका-पेढ्यांच्या जुन्या मध्यवर्ती भागाचा, जवळजवळ एक तृतीयांश भाग गेला. युद्धानंतर सिमेंट, पोलाद, लाकूड सगळ्याचीच टंचाई, बांधायचं तर सरकारी लायसन्स हवं आणि ते आधी घरांना, शाळांना, कारखान्यांना. ऑफिसं मागे पडली. त्या काळात चित्रकारांना भिंत मिळाली ती १९५१ च्या फेस्टिव्हल ऑफ ब्रिटनमधे. थेम्सच्या दक्षिण काठावर उभारलेल्या त्या प्रदर्शनात जॉन पायपर, ग्रॅहॅम सदरलँड, व्हिक्टर पासमोर अशा लोकांनी प्रचंड मोठी म्युरल्स, म्हणजे भित्तिचित्रं, केली आणि साधारण ८५ लाख लोक ते प्रदर्शन बघून गेले. नंतर रॉयल फेस्टिव्हल हॉल सोडला तर बहुतेक सगळं पाडून टाकलं. पण लोकांना सवय लागली होती, नवीन बिल्डिंग म्हणजे भिंतीवर नवीन काहीतरी असणार. पासमोरचं तिथलं म्युरल टाइल्सचं होतं हेही लक्षात ठेवा.

१९५३ मधे न्यू बाँड स्ट्रीटवर टाइम-लाइफ या मासिकांच्या कंपनीची बिल्डिंग झाली, आर्किटेक्ट मायकेल रोझेनॉअर. आत बेन निकल्सनचं म्युरल आणि बाहेर गच्चीच्या कठड्यावर शिल्पकार हेन्री मूरचा दगडी पडदा. मूरला ते चार दगड खुंटीवर फिरते ठेवायचे होते, अधूनमधून वळवून लोकांना वेगळी बाजू दिसावी म्हणून, पण खाली रस्ता आणि दगडांचं वजन बघता परवानगी मिळाली नाही. मग नोव्हेंबर १९५४ ला लायसन्सची अट गेली आणि ऑफिसं धडाधड उठायला लागली. काचेचे आणि काँक्रीटचे सपाट चेहरे, सगळे सारखेच, म्हणून मालकांनाही दारापाशी काहीतरी ओळखीचं हवं होतं. होलबर्नच्या स्टेट हाउससमोर बार्बरा हेपवर्थचं मेरिडियन हे ब्राँझचं शिल्प आलं, ते १९६० मधलं.

सरकारी ऑफिसांचं काम मिनिस्ट्री ऑफ वर्क्सकडे असायचं आणि ॲननबाईंना काम दिलं ते यांनीच, एका पॅनलचे, म्हणजे एका चित्राचे, ३०० पौंड या हिशोबानं. लंडनची हवा तेव्हा कोळशाच्या धुरानं काळी, १९५२ च्या त्या भयंकर स्मॉगला दहा वर्षंसुद्धा झाली नव्हती, त्यामुळे रस्त्यावरच्या भिंतीला रंग लावून टिकणार नव्हता, भाजलेली माती टिकणार होती, धुतली की साफ. ॲननबाई लफबरोजवळच्या हॅदर्नवेअरच्या सिरॅमिक कारखान्यात गेल्या, एकेका पॅनलला चाळीस टाइल्स, आणि ओल्या मातीवर स्वतःच्या हातानं रेघा कोरल्या. मग रंग, मग भट्टी. जवळ जाऊन बघा, ब्रशचे फटकारे अजून दिसतात, रेघ कुठं खोल गेलीय कुठं नुसती खरवडलीय तेपण कळतं.

आणि विषय! इथं राजे नाहीत. एका पॅनलमधे रस्त्याखालून केबल्स आत येतात ती खोली, एकात सर्किटं तपासायची फ्रेम, एकात जनरेटर, एकात शेतांवरून जाणाऱ्या तारा. ऑसिलोस्कोपच्या, म्हणजे विजेचे संदेश लाटांसारखे दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावरच्या लाटा बघून केलेलं एक आहे. मला सगळ्यात आवडतं ते समुद्रातल्या केबलच्या बोयांचं, म्हणजे पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांचं. १९५६ लाच स्कॉटलंडहून न्यूफाउंडलंडला पहिली अटलांटिक टेलिफोन केबल पडली होती, १९५८ ला ब्रिस्टलहून ऑपरेटरशिवाय ट्रंक कॉल लागायला लागला होता, म्हणजे बाईंनी काढलं ते त्यांच्या समोर घडत असलेलं. आत काम करणाऱ्यांचं रोजचं सामान बाहेरच्या भिंतीवर मोठं करून लावलं, ते बघून आत शिरणाऱ्या इंजिनिअरला काय वाटत असेल! माझ्या मते त्या काळातल्या ऑफिस म्युरल्समधे एवढं प्रामाणिक काम फार थोडं आहे.

पण अशा कामाला सगळे ‘सजावट’ म्हणायचे, आणि एकदा सजावट म्हटलं की बिल्डिंगबरोबर तीही जाते. पुतळा उचलून विकता येतो, स्टेट हाउस पाडलं तेव्हा हेपवर्थचं मेरिडियन न्यूयॉर्कजवळ एका कंपनीच्या बागेत गेलं. भिंत कोण उचलणार? ॲननबाईंचं सगळ्यात मोठं म्युरल बँक ऑफ इंग्लंडमधलं, एक्सपांडिंग युनिव्हर्स, ते १९९७ मधे नष्ट झालं. बाई १९८३ लाच गेल्या होत्या, त्यांना बघावं लागलं नाही एवढंच.

फ्लीट बिल्डिंगवरही तीच वेळ आली होती, एक्स्चेंज बंद, जागा मोक्याची. नोव्हेंबर २०११ मधे या नऊ पॅनल्सना ग्रेड टूचं, म्हणजे वारसा यादीतलं सरकारी, संरक्षण मिळालं म्हणून ती वाचली, बिल्डिंग नाही वाचली. २०१३ मधे सिटी ऑफ लंडन कॉर्पोरेशननं ती ताब्यात घेऊन बार्बिकनला आणून बसवली. आता त्या पादचारी मार्गावर गाड्या नाहीत, धूर नाही, आणि मूळ जागी ती रस्त्यालगत होती तशीच इथंही चालणाऱ्याच्या डोळ्यासमोर आहेत, हात लांब केला तर त्या कोरलेल्या रेघांवरून बोट फिरतं.